सावलीतली मंडूकपर्णी: लावायची कशी आणि आवरायची कशी

चिकूच्या झाडाखाली लॉन टिकत नाही. घराच्या उत्तरेकडची पट्टी, दोन घरांमधला बोळ, नारळाच्या आळ्याभोवतीची जागा, जिन्याच्या आडोशाची माती या सगळ्या ठिकाणी तीच रड. गवत विरळ होतं, पिवळं पडतं, शेवटी माती उघडी राहते. मग पावसाळ्यात तिथं चिखल आणि उन्हाळ्यात धूळ. अशा जागेला जमिनीलगत पसरणारी आणि सावलीत सुखानं वाढणारी वनस्पती लागते. नर्सरीत त्यासाठी बरेच पर्याय मिळतात, पण सातारा-सांगलीकडच्या परसबागेसाठी आमची पहिली पसंती मंडूकपर्णीला आहे. ती आपल्याकडचीच आहे, चार-सहा इंचांच्या वर सहसा जात नाही, तिची पानं खाता येतात, आणि एकदा चांगली धरली की पुढची रोपं विकत आणावी लागत नाहीत.

अडचण एवढीच, की ती थांबत नाही. म्हणून ती पसरते कशी हे लावायच्या आधी नीट समजून घ्यायला हवं. ते कळलं की लावणीपासून छाटणीपर्यंतचं प्रत्येक काम का आणि कधी करायचं, हे आपोआप कळतं.

आधी ओळख पक्की करा. नर्सरीत ‘ब्राह्मी’ मागितली तर दोन अगदी वेगळ्या वनस्पतींपैकी कुठलीही हातात पडू शकते. मंडूकपर्णीचं, म्हणजे सेंटेला एशियाटिकाचं, पान गोलसर असतं, देठाशी खाच असते आणि कडेला बोथट दाते असतात. प्रत्येक पान स्वतःच्या लांब देठावर उभं असतं आणि सगळे देठ जमिनीलगत एकाच ठिकाणाहून निघतात. ही कोथिंबीर, गाजर, ओवा यांच्या कुळातली. दुसरी जलब्राह्मी, म्हणजे बकोपा. तिची पानं लहान, जाडसर, लांबट असतात, खोडावर समोरासमोर जोडीनं येतात आणि पांढरी किंवा फिकट जांभळी फुलं सहज दिसतात. बकोपाला भरपूर ऊन आणि दलदल लागते. ती सावलीत लावली तर नुसती लांबुळकी होऊन विरळ राहते. पिशवीवरच्या चिठ्ठीपेक्षा पानावर विश्वास ठेवा.

पसरते कशी

मंडूकपर्णीच्या मुख्य गड्ड्यापासून बारीक, दोऱ्यासारखी, बहुधा लालसर छटेची खोडं निघतात. ती जमिनीत शिरत नाहीत, मातीच्या वरून धावतात. या धावत्या खोडावर ठरावीक अंतरानं पेर येतं. पेराला ओली माती लागली की खालून मुळं सुटतात, वरून पानांचा झुबका येतो आणि तिथं स्वतंत्र रोप तयार होतं. त्या रोपालाही पुन्हा चहूबाजूंना खोडं फुटतात. मधलं खोड तोडलं तरी दोन्हीकडची रोपं जगतात.

यातला कळीचा भाग ‘ओली माती’ हा आहे. पेर कोरड्या जागेवर आलं तर मुळं सुटत नाहीत. खोड आईच्या रोपाच्या जिवावर थोडं पुढं जातं, आणि पुढंही ओल सापडली नाही तर सुकतं. म्हणजे मंडूकपर्णी कुठवर जाणार हे ओल कुठवर आहे यावर ठरतं. खतानं तिचं पान मोठं होतं, सावलीनं देठ लांब होतो, पण तिची हद्द पाणीच आखतं. बेसुमार पसरलेली मंडूकपर्णी जिथं जिथं दिसते, तिथं बहुतेक वेळा गळका नळ, टाकीचा ओव्हरफ्लो नाहीतर उगाच रोज मारलेलं पाणी सापडतं.

सावली किती

सगळी सावली सारखी नसते. दुपारी बाराच्या सुमारास त्या जागेवर जमिनीपासून फूटभर उंचीवर हात धरा. हाताची ठळक, काळी, रेखीव सावली पडली तर ती जागा उन्हातली आहे. कडा धूसर असलेली, पण ओळखू येईल अशी सावली पडली तर जागा अगदी योग्य. सावलीच पडत नसेल तर तिथं अंधार फार आहे. ही पाहणी एप्रिलमध्ये आणि डिसेंबरमध्ये अशी दोनदा करावी, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडं कलतो आणि उत्तरेच्या भिंतीची सावली बरीच लांबते.

ऊन जास्त झालं की पानं लहान, जाड आणि तांबूस होतात, देठ आखडतात. रोप मरत नाही, पण चटई धरत नाही. अंधार जास्त झाला की देठ लांबलचक होऊन लोळतात, पानं पातळ राहतात आणि गोगलगायींना आयतं घर मिळतं. सकाळचं दोन-तीन तासांचं कोवळं ऊन आणि नंतर गाळीव सावली, ही तिची आवडती जागा. झाड नसेल तर पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट चालते.

कुठल्या झाडाखाली लावायची, हा प्रश्न सावलीइतकाच पाण्याचाही आहे. नारळ, चिकू, सुपारी, केळी यांना वर्षभर पाणी चालतं, त्यांच्याखाली मंडूकपर्णी मजेत राहते. फळ देणाऱ्या आंब्याखाली मात्र लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. आंब्याला मोहोर धरण्याआधी पाण्याचा ताण लागतो, म्हणून पाऊस संपला की आंब्याचं पाणी तोडतात. नेमक्या त्याच दिवसांत, ऑक्टोबरपासून पुढं, मंडूकपर्णीला नियमित ओल लागते. तिला पाणी देत राहिलात तर आंब्याला मोहोराऐवजी नवी पालवी फुटते. तिला पाणी तोडलंत तर ती वाळते. निलगिरीखालीही लावू नये. तिथं झाडाची मुळं वरच्या थरातलं पाणी ओढून घेतात आणि गळलेल्या पानांचा थर पसरणाऱ्या खोडांना मातीला टेकू देत नाही.

माती

महाबळेश्वर आणि माण हे दोन्ही तालुके साताऱ्याचेच, पण एकीकडं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस आणि दुसरीकडं दुष्काळाची सवय झालेली जमीन. त्यामुळं एकच कृती सगळीकडं चालत नाही.

महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या डोंगराळ भागातली तांबडी माती पाणी धरून ठेवत नाही, आणि किंचित आम्ल असते. मंडूकपर्णीला ती मानवते. तिथं फक्त सेंद्रिय खत वाढवायचं.

कराड, वाळवा, मिरज, पलूस या कृष्णाकाठच्या काळ्या मातीत प्रश्न वेगळा. ही माती पाणी धरते, पण फार धरते. मुळांना हवा मिळत नाही, आणि उन्हाळ्यात भेगा पडून तीच मुळं तुटतात. अशा मातीत चार-सहा इंच उंच वाफा करा आणि भरपूर कुजलेलं शेणखत घाला. एका चौरस मीटरला साधारण तीन घमेली, म्हणजे दहा बाय दहा फुटांच्या जागेला सव्वीस ते अठ्ठावीस घमेली. ते वरच्या चार इंचांत नीट मिसळा. वाळू घालून काळी माती सुधारण्याच्या नादी लागू नका. थोडी वाळू घालून चिकणमाती मोकळी होत नाही आणि फरक पडेल इतकी वाळू घालणं परवडत नाही.

शेणखत पूर्ण कुजलेलं हवं. अर्धकच्च्या शेणखतातून हुमणीच्या अळ्या येतात. ऊसवाल्यांना हे सांगायला नको, पण बागेत शेणखत आणताना ती काळजी अनेकदा घेतली जात नाही. घमेलं ओतलं की खत हातानं फोडून बघा. पांढरट, इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली, तपकिरी डोक्याची अळी दिसली तर ते खत उन्हात पसरून, अळ्या वेचून मगच वापरा.

अति पाण्यानं क्षारपड किंवा चोपण झालेल्या जमिनीत थेट लावू नये. माती वाळल्यावर वर पांढरा थर येत असेल तर आधी माती तपासून घ्या. चोपण जमिनीला जिप्सम लागतं, पण किती लागतं ते तपासणीशिवाय ठरवता येत नाही. तोवर भिंतीलगत आठ इंच उंचीचा विटांचा वाफा बांधून त्यात बाहेरून आणलेली पोयटा माती आणि शेणखत दोनास एक प्रमाणात भरा. तळाशी पाणी निघून जायला वाट ठेवा, नाहीतर खालचे क्षार पुन्हा वर येतात.

लावण्याआधीचं महिन्याभराचं काम

खरं यश इथं ठरतं, आणि नेमकं हेच काम गाळलं जातं. मंडूकपर्णीचे दोन कायमचे वैरी म्हणजे लव्हाळा आणि हरळी. एकदा मंडूकपर्णीची चटई जमली आणि तिच्यातून लव्हाळ्याची पात वर आली, की तो काढता येत नाही. पात धरून उपटली तर गाठ खालीच राहते आणि आठवड्याभरात नवी पात येते. गाठ उकरायला गेलं तर मंडूकपर्णी उखडते.

म्हणून जागा मोकळी असतानाच काम उरका. मे महिन्यात जागा सहा इंच खणा, हरळीच्या मुळ्या आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचा. झाडाखाली मात्र तीन-चार इंचांच्या खाली कुदळ जाऊ देऊ नका, कारण झाडाची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्याच थरात असतात. मग पाणी मारा आणि दहा-बारा दिवस थांबा. जे उगवेल ते खुरप्यानं गाठीसकट काढा. पुन्हा पाणी, पुन्हा वाट, पुन्हा काढणी. असं निदान तीनदा करा. उन्हाळ्यात पारदर्शक प्लास्टिक अंथरून माती तापवायची पद्धत चांगली आहे, पण ती उघड्या जागेसाठी. सावलीत माती पुरेशी तापतच नाही, शिवाय लव्हाळ्याच्या खोल गाठी त्यानं खात्रीनं मरत नाहीत.

तणनाशक मारू नये. पुढं जी पानं ताटात येणार त्यांच्या मातीत ते नको.

झाडाच्या बुंध्याभोवती दीड-दोन फुटांचं कडं मोकळं ठेवा. बुंध्याला ओली चटई टेकली तर साल कुजते. बुंध्याला माती चढवणं त्याहून वाईट.

लावणी

सांगली, मिरज, कराड, सातारा शहर या भागात पाऊस स्थिरावल्यावर, जूनच्या अखेरीपासून जुलैअखेरपर्यंत लावणी करावी. महाबळेश्वर-पाटणच्या धो-धो पावसात तेव्हा लावलेली रोपं उखडून वाहून जातात, तिथं ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात लावा. पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारीतही लावता येते. एप्रिल-मे टाळा.

बियांच्या फंदात पडू नका. एखाद्याच्या बागेतून दोन-तीन पेरांचे मुळं सुटलेले तुकडे घ्या. खाली मातीचा थोडा गोळा असेल तर उत्तम. अभयारण्यातून, कासच्या पठारावरून किंवा ओढ्याकाठच्या जंगलातून उपटून आणू नका. रोप घेताना मुळं धुऊन बघा. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर तो सूत्रकृमींचा प्रादुर्भाव आहे. तसं रोप बागेत आणूच नका, कारण मातीत शिरलेले सूत्रकृमी पुढं टोमॅटो-वांग्यालाही त्रास देतात. आधी वांगी-टोमॅटो असलेल्या वाफ्यात लावायची असेल तर चौरस मीटरला दोनशे ग्रॅम निंबोळी पेंड मिसळून पंधरा दिवस थांबा.

दोन तुकड्यांत एक वीत, म्हणजे नऊ-दहा इंच अंतर ठेवा. चौरस मीटरला सोळा रोपं बसतात, दहा बाय दहा फुटांना दीडशेच्या आसपास. रोपं कमी असतील तर अंतर दीड फूट करा, फक्त मधल्या काळात तण काढायची तयारी ठेवा.

संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी लावा. प्रत्येक तुकड्याची निम्मी पानं काढून टाका, नाहीतर मुळं धरण्याआधीच पानांवाटे पाणी उडून रोप माना टाकतं. देठ जिथून निघतात तो गड्डा मातीच्या पातळीला हवा. मातीखाली गाडला तर कुजतो, वर राहिला तर वाळतो. तुकड्याला लांब खोड असेल तर ते आडवं पसरून पेरावर बोटभर माती किंवा छोटा खडा ठेवा, म्हणजे पेर मातीला टेकलेलं राहतं.

आपल्या भागात ऊसाचं पाचट सहज मिळतं. ते आच्छादनाला चांगलं, पण अख्खं अंथरू नका. पाचटाचा जाड थर असला की धावती खोडं पाचटावरून जातात, पेराला माती सापडत नाही आणि चटई धरत नाही. पाचट दोन-दोन इंचांचे तुकडे करून अर्धा इंच जाडीचा विरळ थर द्या, गड्डे मोकळे ठेवा आणि महिन्याभरानं खोडं पुढं सरकू लागली की त्यांच्या वाटेतलं पाचट बाजूला करा.

पावसाळ्यात लावलेली जागा अडीच-तीन महिन्यांत भरते. तोवर दर पंधरा दिवसांनी खुरपणी चुकवू नका. या काळात कुणाला त्यावरून चालू देऊ नका, आणि पुढंही फार नाही. मंडूकपर्णी लॉनसारखी पायाखाली टिकत नाही. जायची वाट असेल तर शहाबादी फरशीचे तुकडे दोन-दोन फुटांवर बसवा.

पाणी

पाणी घड्याळ बघून देऊ नये. मातीत बोट खुपसा. पहिल्या पेरापर्यंत कोरडं लागलं तर पाणी द्या, ओलं लागलं तर परत फिरा. साधारण अंदाज असा: उन्हाळ्यात दिवसाआड चौरस मीटरला पाच-सहा लिटर, हिवाळ्यात चार-पाच दिवसांनी तेवढंच, पावसाळ्यात सलग आठवडाभर उघडीप असेल तरच. आटपाडी, जत, खटाव, माणकडं उन्हाळ्यात वारा कोरडा असतो, तिथं थोडं जास्त लागेल. आणि खरं सांगायचं तर तिथं मोठ्या क्षेत्रावर मंडूकपर्णी लावूच नये. न्हाणीघराच्या मागं चार बाय चार फुटांचा वाफा पुरे. टँकरच्या पाण्यावर जमिनीचं आच्छादन वाढवणं बरोबर नाही.

ठिबक करायचं असेल तर सोळा मिलिमीटरची इनलाइन नळी, एक फुटावर ताशी दोन लिटरचा ड्रिपर, आणि दोन नळ्यांत सव्वा फूट अंतर. यानं वीस मिनिटांत चौरस मीटरला पाच लिटरच्या आसपास पाणी पडतं. ठिबकाचा मोठा फायदा म्हणजे ओल वाफ्यातच राहते. नळीनं शिंपडून पाणी देताना ते वाफ्याबाहेर दोन फूट उडतं आणि मंडूकपर्णीही त्या दोन फुटांवर हक्क सांगते.

बोअरचं जड, खारट पाणी असेल तर पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतात. शक्य असेल तेव्हा विहिरीचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी द्या. पावसाळ्यात वाफा धुऊन निघतो, तेव्हा क्षार आपोआप कमी होतात.

हद्द

मंडूकपर्णी वरून धावते, म्हणून जमिनीत खोल पत्रा गाडायची गरज नाही. नुसती वीट आडवी लावली तर ती विटेवरून जाते. खात्रीचा उपाय म्हणजे वाफ्याच्या कडेला उभी वीट आणि तिच्या बाहेर सहा-आठ इंच रुंदीची बारीक खडीची कोरडी पट्टी. खोड विटेवरून खडीत उतरतं, तिथं ओल सापडत नाही, मुळं सुटत नाहीत. पावसाळ्यात मात्र खडीही ओली असते. त्यामुळं जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी कडेनं फिरून बाहेर आलेली खोडं विळ्यानं कापा, नंतर महिन्यातून एकदा पुरे. खडीत गळलेली पानं साचून माती होऊ देऊ नका. दोन वर्षं न झाडलेली खडी म्हणजे नवा वाफाच.

दार, जिना आणि भिंतीलगत दीड फुटाची पट्टी मोकळी ठेवा. दाट हिरवाईत बेडूक येतात आणि बेडकांमागं साप. मंडूकपर्णी बुटकी असल्यानं दडायला जागा कमी मिळते, तरी हात घालण्याआधी काठीनं हलवून बघायची सवय असावी, विशेषतः पावसाळ्यात.

कापलेली खोडं थेट खतखड्ड्यात टाकली तर तिथंच रुजतात. फरशीवर कडक उन्हात चार-पाच दिवस वाळवा, मग खतखड्ड्यात घाला. ओढा, कालवा, विहीर यांच्या काठी टाकू नका. मंडूकपर्णी आपल्याकडचीच आहे म्हणून धोका कमी, पण शिस्त सगळ्याच पसरणाऱ्या झाडांसाठी हवी. पिवळ्या फुलांची वेडेलिया सावली-उन्हात कुठंही झपाट्यानं पसरते म्हणून नर्सरीवाले आवर्जून देतात. ती अमेरिका खंडातून आलेली आहे आणि जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या यादीत तिचं नाव आहे. यवतेश्वर-कास रस्त्यावरच्या फार्महाऊसमध्ये ती लावू नये अशी आमची कळकळीची विनंती. कासचं पठार 2012 पासून जागतिक वारशाचा भाग आहे, आणि तिथली इवलीशी फुलझाडं मातीच्या पातळ थरावर तगतात. वेडेलियाशी झुंजायची त्यांची ताकद नाही.

बिघडतं कुठं

पिवळेपणाची दोन रूपं आहेत आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. नवी, कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, असं दिसलं तर लोह कमी पडतंय. चुनखडीच्या काळ्या जमिनीत आणि बोअरच्या पाण्यावर हे नेहमी होतं. जमिनीत लोह असतं, पण रोपाला घेता येत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि एक ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून संध्याकाळी फवारा, दहा दिवसांनी पुन्हा एकदा. त्यानंतर दोन आठवडे पानं खायला तोडू नका आणि तोडल्यावर नीट धुवा. याउलट जुनी, खालची पानं सगळी एकसारखी पिवळी पडत असतील तर नत्राची भूक आहे. चौरस मीटरला अर्धा ते एक किलो गांडूळखत पसरून पाणी द्या. युरियानं पान झटपट हिरवं होतं, पण मऊ पडतं, आणि मऊ पानावर मावा येतो.

तिसरं एक रूप आहे: पिवळेपणाबरोबर गड्डा मऊ, काळसर आणि वास मारणारा. तिथं पाणी तुंबलंय. खत घालून काही होणार नाही, चर काढून पाण्याला वाट द्या आणि कुजलेला भाग काढून टाका.

एखादा ठिपका एकाएकी सुकला आणि पानांना हात लावताच चटई सहज उचलून आली तर खाली हुमणी मुळं खातेय. माती उकरून अळ्या वेचा. लवकर लक्षात आलं तर शेजारची खोडं ती जागा दीड-दोन महिन्यांत भरून काढतात.

पानांना वेडीवाकडी भोकं आणि सकाळी चकचकीत चिकट माग दिसला तर गोगलगायी. पावसाळ्यात शंखी गोगलगायींचा त्रास वाढलाय. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याच्या कडेला अंथरा. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून किंवा चिमट्यानं उचला आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाका. गोगलगायी मारणाऱ्या विषारी गोळ्या खायच्या पाल्यात टाकायच्या नाहीत, घरात कुत्रा-मांजर किंवा लहान मूल असेल तर मुळीच नाहीत.

मार्च-एप्रिलमध्ये पानं निस्तेज, ठिपकेदार आणि मागच्या बाजूला बारीक जाळी असेल तर लाल कोळी. कोरड्या हवेत तो फोफावतो. सकाळी पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा फवारा सलग चार दिवस मारा. बहुतेक वेळा एवढ्यानं भागतं.

दोन वर्षांनी एक वेगळाच त्रास दिसतो: कडेनं जोमदार आणि मधोमध टक्कल. यात रोग नाही. खोडांवर खोडं चढत जातात, नवी पेरं मातीपासून वर उचलली जातात आणि अधांतरी मरतात. जूनमध्ये चटईत फूट-फूट रुंदीचे पट्टे आखा, दर तिसरा पट्टा फावड्यानं खरवडून काढा आणि तिथं इंचभर चाळलेलं शेणखत पसरा. बाजूची खोडं त्यात उतरून नवी चटई धरतात. पुढच्या वर्षी दुसरे पट्टे.

पानं खायची असतील तर

मग जागेबद्दल कडक राहा. मंडूकपर्णी मातीतले आणि पाण्यातले जड धातू शोषून घेते. रस्त्याकडेची, गॅरेजजवळची, शोषखड्ड्यालगतची, सांडपाण्यावर वाढलेली पानं खाऊ नयेत. तासगाव, मिरजकडं द्राक्षबागेला लागून वाफा असेल तर फवारणीचे तुषार पानांवर बसतात, तिथं ती फक्त जमीन झाकायला ठेवा. धुण्याच्या दगडाजवळ ती फार छान वाढते, पण ते पाणी साबणाचं असतं हे विसरू नका.

पहिली तोडणी लावणीनंतर तीन महिन्यांनी. बाहेरची पक्व पानं देठासकट कात्रीनं घ्या, मधली कोवळी ठेवा. एका वेळी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त पानं काढू नका, तीच जागा पुन्हा पाच-सहा आठवड्यांनी. पानं जमिनीलगतची असल्यानं त्यांना माती, जनावरांची घाण, गोगलगायींचा चिकटा लागलेला असतो. वाहत्या पाण्याखाली एकेक पान दोन्ही बाजूंनी धुवा, कुजका किंवा चिकट भाग फेका. गोगलगायींचा सुळसुळाट असेल त्या दिवसांत कच्ची खाण्यापेक्षा शिजवून खाल्लेली बरी. चटणीत आठ-दहा पानं, ओलं खोबरं, हिरवी मिरची आणि लिंबू एवढं पुरतं.

तिला औषधी म्हणून मोठा मान आहे, म्हणूनच सावध राहावं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, यकृताचा आजार असलेले, झोपेची औषधं घेणारे यांनी वैद्य किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बाकीच्यांनीही अधूनमधून चटणीपुरती खावी, महिनोन्महिने रोज रस काढून पिऊ नये.

काढून टाकायची झाल्यास

बेत बदलला, बांधकाम निघालं किंवा दुसरं काही लावायचं ठरलं, तर पावसाळ्यात उपटायला बसू नका. तुटलेलं प्रत्येक पेर ओल्या चिखलात पुन्हा रुजतं. मार्चपासून त्या जागेचं पाणी बंद करा, गळके नळ दुरुस्त करा. एप्रिलअखेर चटई वाळून कागदासारखी होईल. तेव्हा फावड्यानं वरचा दोन इंचांचा थर खरवडून काढा, मातीसकट उन्हात पसरा आणि मेअखेर चाळून पुन्हा वापरा. पहिल्या पावसानंतर इथं-तिथं उरलेले झुबके वर येतील. दर आठवड्याला फेरी मारून ते गड्ड्यासकट काढा, त्यांना नवी खोडं फुटायच्या आत. ऑगस्टअखेरपर्यंत ही फेरी चालू ठेवली की जागा मोकळी होते.